तो वंचक पोळी खात नव्हता

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण विठ्ठलवाडीच्या घाटावरचा एक फोटो छापला आहे. पक्ष्याच्या चोचीत पोळीचा तुकडा आणि खाली ओळ : 'शिळ्या पोळीवर ताव मारणारा बगळा'. फोटो झकास, ओळ मात्र साफ चुकली आहे. एक तर तो वंचक आहे, कोणी ढोकरीही म्हणतात. बगळ्यांच्याच कुळातला, तेव्हा हे एक वेळ चालून जाईल. पण तो पोळी खात नव्हता. फोटो काढणारा तरुण आला त्याच्या बऱ्याच आधीपासून मी वरच्या पायरीवर बसून होतो, म्हणून हे ठामपणे लिहितो.

निवृत्त झाल्यापासून माझी सकाळची फेरी तिथवर असते. खडकवासल्यातून पाणी सोडलेलं नसलं की पायऱ्यांशी गुडघाभर पाणी साचून राहतं आणि त्यात बोटाएवढ्या चिलाप्या फिरत असतात. एकादशीला दर्शनाला आलेली मंडळी त्यांना कणकेच्या गोळ्या, चुरमुरे, पोळी असं काहीबाही टाकतात. त्यातलाच एक तुकडा पायरीवर पडला होता. वंचक दबकत आला, तुकडा उचलला आणि गिळायचा सोडून पाण्यात ठेवला. टाकला नाही, ठेवला. मग मान खांद्यांत ओढून बसून राहिला. तुकडा तरंगत हातभर पुढे गेला, तशी चार पावलं टाकून त्यानं तो उचलला आणि परत पहिल्या जागी आणून सोडला. असं तीनदा. चौथ्या खेपेला मासे खालून टोचायला लागले, तुकडा थरथरला आणि आखडलेली मान सपकन सुटली. चोचीत चिलापी, पोळी तशीच पाण्यावर.

पहिल्यांदा मला वाटलं, पोळी चोचीतून निसटली असेल, बाकी योगायोग. म्हणून दुसऱ्या दिवशी दुर्बीण आणि वही घेऊन गेलो. पाऊण तासात त्यानं सात वेळा आमिष लावलं आणि तीन मासे मारले. मधे माशांनी तुकडा फस्त केला, तेव्हा पठ्ठ्यानं निर्माल्यातली झेंडूची पाकळी उचलून पाण्यात सोडून पाहिली! मासे फिरकले नाहीत. दोनेक मिनिटं वाट पाहून त्यानं नाद सोडला.

ही काही जगावेगळी गोष्ट नव्हे. वंचकाच्या भावकीतला हिरवट पाठीचा छोटा बगळा जपानमधल्या कुमामोतो शहरातल्या एका बागेत पाव, किडे, पिसं, काटक्या टाकून मासे धरतो, यावर १९८०च्या दशकात तिथल्या अभ्यासकांनी लिहून ठेवलं आहे. आपल्याकडचा लहान बगळा पिवळ्या पंजांनी गाळ ढवळून मासे उठवतो, पुण्याजवळच्या कवडी पाटाला हिवाळ्यात थापट्या बदकं रिंगण धरून पाणी गाळतात, तेही बघण्यासारखंच. पण तिथे पाय आणि चोच आपापली असते. इथे परक्याची पोळी कामाला लावली होती! बसला की दगडांत दगड आणि उडाला की पांढराशुभ्र, एवढ्यासाठीच मी आजवर 'वंचक' हे नाव मान्य करत आलो होतो. आता माशांच्या बाजूनंही मान्य आहे.

पत्र लिहायचं खरं कारण पुढे आहे. मंगळवारी घाटावर दोन कुटुंबं स्लाइस ब्रेडची अख्खी पाकिटं घेऊन हजर. 'पेपरात आलंय ना, बगळे पोळी खातात.' पोरांनी हौसेनं सगळा ब्रेड भिरकावला. पाण्यावर पांढरा लगदा पसरला, वास सुटला. एवढं आयतं पसरल्यावर चिलापी एका तुकड्यापाशी कशाला येईल? वंचक पलीकडच्या काठाला जाऊन पाठमोरा बसला तो बसलाच. बुधवारीही तेच.

तेव्हा फोटोओळीची दुरुस्ती छापावी ही विनंती. त्याच पानावर आणि जमल्यास तेवढ्याच ठळक अक्षरांत. ब्रेड आणणाऱ्यांना मी रोज सांगतो आहे, पण पायरीवरच्या म्हाताऱ्यापेक्षा लोकांचा आपल्या पेपरावर जास्त विश्वास आहे.

आपला,
एक नियमित वाचक
सिंहगड रस्ता, पुणे