बाळाला अंगाशी बांधताना

पुणे,
दि. २ मार्च

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र मिळाले. बाळ सव्वा महिन्याचे झाले, वजन पावणेचार किलो भरले आणि वहिनींनाही आता हिंडता-फिरता येते, हे वाचून घरात सर्वांना आनंद झाला. बाळाला छातीशी बांधून घेण्याचे कॅरिअर कोणते घ्यावे असे विचारून तू दोन जाहिरातींची चित्रेही पाठवली आहेस. दोन्ही चित्रांत बाळ बाहेर तोंड करून हसत आहे. ज्या बाळाची मान अजून धरलेली नाही, त्याला असे बसवायचेच नसते. पाच-सहा महिन्यांनंतर, मान पक्की झाल्यावर, तेही थोडाच वेळ. म्हणून ही दोन्ही चित्रे तू बाजूला ठेवावीस.

आमच्याकडून झालेली चूक आधी सांगतो. मुलगी तीन महिन्यांची असताना, कापड मऊ आणि रंग चांगला एवढ्याच कारणावरून मी एका दुकानातून कॅरिअर उचलून आणले. त्याची बैठक जेमतेम चार बोटे रुंद होती. मी मोठ्या ऐटीत मुलीला त्यात घालून दाराबाहेर पडणार, तोच आई म्हणाली, "पोरीचे पाय असे लोंबकळतायत का रे? कडेवर घेतल्यावर ती कशी बसते ते बघ." मी मुलीला कडेवर घेऊन पाहिले. मांड्या दोन्ही बाजूंना फाकलेल्या, गुडघे बुडापेक्षा किंचित वर आणि पाठीला नैसर्गिक बाक. खुब्याच्या सांध्यासाठी तज्ज्ञ जी बसण्याची पद्धत सुचवतात आणि जिला इंग्रजी 'एम' अक्षराची उपमा देतात, ती हीच. पहिल्या काही महिन्यांत खुब्याची खोबण बरीचशी मऊ कूर्चेची असते आणि मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात नीट बसून राहण्यासाठी मांड्यांना गुडघ्यापर्यंत आधार लागतो. अरुंद बैठकीत घटकाभर बसल्याने काही बिघडते असे नाही. पण जे रोज वापरायचे, ते रुंद बैठकीचेच असावे. बाळ पायाळू जन्मले असेल किंवा घरात कोणाला खुब्याचा त्रास असेल, तर डॉक्टरांना आधी विचारून घे.

तरीही माझ्या मते पायांपेक्षा श्वासाची काळजी मोठी आहे. एवढ्या लहान बाळाचे डोके जड, मान दुबळी आणि श्वासनलिका मऊ असते. ते कापडात गोळा होऊन खाली घसरले आणि हनुवटी छातीला टेकली, तर आवाज न करता त्याचा श्वास कोंडतो. रडून सांगण्याइतकीही उसंत त्याला मिळत नाही. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने मार्च २०१० मध्ये झोळीवजा स्लिंगविषयी इशारा दिला, तेव्हा मागील वीस वर्षांतील किमान १४ मृत्यूंचा उल्लेख केला होता आणि त्यांपैकी १२ बाळे चार महिन्यांच्या आतली होती. त्यामुळे खांद्यावरून लोंबणाऱ्या पिशवीसारख्या, बाळाला आडवे निजवायच्या खोल स्लिंगच्या वाटेला जाऊ नकोस. बाळ उभे, छातीशी घट्ट आणि इतक्या उंचीवर असावे की तू मान किंचित लववलीस तर त्याच्या टाळूचा पापा घेता यावा. त्याचा चेहरा सदैव दिसला पाहिजे, नाकातोंडावर कापड नको आणि हनुवटीखाली दोन बोटे शिरतील एवढी जागा हवी. वहिनींनी स्लिंगमध्येच दूध पाजले, तर पाजून झाल्याबरोबर बाळाला पुन्हा उभे करून वर घ्यावे. बाळ बांधलेले असताना तुला डुलकी लागता कामा नये, हे मी स्वानुभवाने लिहितो. रात्री तीन वाजता येरझारा घालताना मी एकदा सोफ्यावर टेकलो आणि पत्नीने वेळीच हाक मारली.

प्रकारांबद्दल थोडक्यात लिहितो. सध्याच्या वजनाला रिंग स्लिंग, म्हणजे दोन कड्यांतून ओवून एका खांद्यावरून घ्यायचे कापड, सोपी पडते, पण सगळा भार एकाच खांद्यावर येत असल्याने बाळ वाढले की खांदा बोलू लागतो. रॅप, म्हणजे अंगाभोवती गुंडाळून बांधायचे पाच मीटरच्या आसपासचे ताणले जाणारे कापड, दोन्ही खांद्यांवर भार विभागतो. मात्र तो बांधायला शिकावे लागते आणि पुण्याच्या एप्रिलमध्ये त्याचे थर असह्य होतात. बाळाच्या अंगावरचा प्रत्येक थर हा एक कपडाच समजायचा, म्हणून आत पातळ झबले पुरे. बकलचे कॅरिअर सर्वांत सुटसुटीत, परंतु त्याच्या चिठ्ठीवरील वजनाची खालची मर्यादा वाचल्याशिवाय घेऊ नकोस; ती बऱ्याचदा साडेतीन किलोच्या आसपास असते. कमरपट्टा ओटीपोटावर नव्हे, तर कमरेच्या हाडांवर नीट बसला की खांदे मोकळे राहतात. वहिनींचे सिझेरियन झाले असल्याने त्यांनी मात्र पट्टा टाक्यांच्या बराच वर बांधावा.

काकू जुन्या लुगड्याची स्लिंग शिवून देणार आहेत, असे तू लिहिले आहेस. त्यांची माया मी जाणतो, पण विरलेले कापड ताणाखाली फाटते आणि हार्डवेअरच्या दुकानातील जोड असलेल्या कड्या उघडू शकतात. त्यांना नवे, घट्ट विणीचे सुती कापड आणून दे आणि कड्या स्लिंगसाठीच बनवलेल्या, बिनजोडाच्या घे.

आता तुझ्या स्कूटरच्या बेताविषयी. बाळाला पुढे बांधून वहिनींच्या माहेरी जाण्याचा विचार कृपया सोडून दे. कॅरिअर चालण्यासाठी असते. धक्का बसला तर बाळ तुझ्या आणि हँडलच्या मध्ये चिरडेल. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार चार वर्षांखालील मुलाला दुचाकीवर न्यायचे तर खास सुरक्षा पट्टा लागतो आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो. त्या पट्ट्याची आणि कॅरिअरची गल्लत करू नकोस. नऊ महिन्यांपुढच्या मुलाला हेल्मेटही हवे; सव्वा महिन्याच्या बाळाच्या डोक्यावर तू काय चढवणार? मोटारीतसुद्धा कॅरिअर हा बाळाच्या सीटला पर्याय नव्हे. तसेच शेगडीपाशी किंवा हातात गरम चहा असताना बाळ बांधलेले नसावे आणि खाली पडलेले काही उचलायचे तर कमरेत न वाकता गुडघ्यांत वाकावे.

येत्या रविवारी दुपारी एकटाच इकडे ये. आमची रिंग स्लिंग मी धुऊन, शिवण आणि कड्या तपासून ठेवली आहे. आधी चार किलो तांदळाची पिशवी बांधून तुझा हात बसवू आणि मग, पलंगाच्या कडेशी उभे राहून, आमच्या शेजाऱ्यांच्या लेकीची मोठी बाहुली बांधायला देईन. बाळाला घेऊन पहिला प्रयत्न घरी, वहिनी शेजारी उभ्या असतानाच कर.

काका-काकूंना नमस्कार, बाळास अनेक आशीर्वाद.

तुझा,
माधव