बँड सोडला म्हणजे भांडणच झालं असं का धरता?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी तुमच्या पेपरची जुनी वाचक, शनिवारी आधी पुरवणी वाचते आणि मग पहिलं पान. बरेच दिवस एक गोष्ट मनात साठलीये ती आज लिहूनच टाकते. कुठलाही गायक बँडमधून बाहेर पडला की बातमी ठरलेलीच असते, बँड फुटला, मतभेद विकोपाला, आता एकमेकांशी बोलत पण नाहीत. आणि तो माणूस आता काय गातोय, कुठे गातोय, स्वतः लिहितोय का, ह्याची एक ओळ नसते. हे सगळ्याच पेपरांत बघते, फक्त तुमच्याकडे नाही.

मला हे एवढं लागतं कारण माझ्या बहिणीचा मुलगा दीड वर्षापूर्वी बँडमधून बाहेर पडला. चौघं जण सहा वर्षं एकत्र होते, ड्रम वाजवणाऱ्या मुलाच्या गच्चीवरच्या खोलीत भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवून प्रॅक्टिस चालायची आणि खालचे आजोबा साडेनऊला काठी आपटायचे. भांडण झालंच नाही हो. ह्याला मराठीत स्वतःचं लिहून गायचं होतं, बाकीच्यांना लग्न-संगीताची आणि कंपन्यांच्या पार्ट्यांची कामं घ्यायची होती कारण एकाचं लग्न ठरलेलं, एकाच्या डोक्यावर घराचा हप्ता. दोन्ही बाजू बरोबरच होत्या. पण आमच्याकडे जो येतो तो चहा हातात घेऊन पहिलं हेच विचारतो, काय रे, वाजलं का तुमचं? पोरगं मान खाली घालतं आणि उठून आत जातं.

त्यानेच मला अमेरिकेतल्या जस्टिन व्हर्ननबद्दल सांगितलं, मग मी पण शोधून शोधून वाचलं. विस्कॉन्सिनमधल्या ओ क्लेअर गावचा मुलगा, शाळेपासूनच्या मित्रांबरोबर डीयारमंड एडिसन नावाचा बँड, 2005 मध्ये गाव सोडून नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅली शहरात राहायला गेले आणि 2006 मध्ये बँड थांबला. हा आजारी पडला, प्रेमप्रकरण पण संपलेलं, तसाच गावाकडे परत आला आणि थंडीत वडिलांच्या रानातल्या लाकडी खोपटात जाऊन राहिला साधारण तीन महिने. तिथे एकट्याने गाणी रेकॉर्ड केली, स्वतःच्याच आवाजाचे थरावर थर चढवून. 2007 मध्ये स्वतःच 500 सीडी काढल्या, पुढच्या वर्षी जॅगजॅगुवार कंपनीने तोच अल्बम बाहेर आणला, आणि 2012 मध्ये बॉन इव्हेर ह्या नावाला, म्हणजे ज्या नावाने तो आता गातो त्याला, नव्या कलाकाराचं ग्रॅमी मिळालं. नवा कलाकार! तोवर तो माणूस दहा-बारा वर्षं बँडमध्ये घासलेला होता.

सगळे जण ती खोपटाची गोष्ट सांगतात, बर्फ, एकटेपणा वगैरे, आणि ती आहेच सुंदर. पण मला विचाराल तर खरी गोष्ट मागे राहिलेल्या तिघांची पण आहे. त्यांनी मेगाफॉन नावाने आपला वेगळा बँड चालू केला, त्यांचं पण चांगलं चाललं. आणि 2023 मध्ये त्या जुन्या बँडच्या रेकॉर्डिंगचा मोठा संच निघाला, तो त्याच जॅगजॅगुवारकडून. म्हणजे बँड थांबला म्हणून ती वर्षं कोणी पुसून टाकली नाहीत. असं लिहिलेलं आपल्याकडे कधी वाचायला मिळणार?

मागच्या महिन्यात मी भाच्याचा कार्यक्रम ऐकायला गेले होते, एका छोट्या कॅफेत, पंचवीसेक माणसं, मागे कॉफीच्या मशीनचा फुस्स फुस्स आवाज. त्याने बँडच्या काळातलं स्वतःचंच एक गाणं घेतलं. पूर्वी ते मी चार वेळा तरी ऐकलं असेल पण ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटारच्या दणदणाटात शब्द कधी कानावरच आले नव्हते, त्या दिवशी कळलं की ते गाणं त्याच्या आजीवर आहे, माझ्या आईवर, तिच्या चष्म्याच्या तुटलेल्या दांडीला गुंडाळलेल्या दोऱ्यावर. अंतरा संपल्यावर जिथे ड्रमचा रोल यायचा तिथे तो अजून थांबतो, दोन बोटं गिटारच्या लाकडावर हलकेच वाजवतो आणि मग पुढे गातो. मला तिथेच रडू आलं.

कार्यक्रम संपल्यावर मालक म्हणाला, एकटाच आहेस तर मानधन कशाला, जेवून जा. बँड असता तर दिले असते म्हणे! अहो, गाणी लिहिणारा तोच, चाल लावणारा तोच, स्पीकर रिक्षातून आणणारा पण तोच, मग काम कमी झालं का? चौघांचे पैसे चौघांत वाटले जायचे हे ठीक, पण एकट्याचे शून्य कसे होतात हे मला कोणीतरी समजावून सांगा.

दुसरी गोष्ट हक्कांची, ह्यावर तर तुम्ही लिहायलाच हवं. ह्या मुलांना माहीतच नसतं की गाणं लिहिणाऱ्याचा आणि चाल लावणाऱ्याचा कॉपीराइट गाणं तयार झालं की तिथेच सुरू होतो, आणि 2012 च्या कायद्यातल्या दुरुस्तीनंतर रॉयल्टीतला त्यांचा वाटा कंपनीला लिहून घेता येत नाही. मुंबईत इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी आहे, 1969 पासून, गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून त्यांना देणारी संस्था, तिथे सभासद होऊन गाण्यांची नोंद करता येते, पण कुणाचा किती वाटा हे आधी ठरलेलं पाहिजे ना. माझ्या भाच्याने आणि त्याच्या मित्रांनी बँड थांबवताना एका संध्याकाळी वडापाव खात खात वहीत सगळं लिहून काढलं, ह्या गाण्याचे शब्द ह्याचे, चाल दोघांची, आणि खाली चौघांच्या सह्या. ती वही माझ्या बहिणीच्या कपाटात आहे. म्हणूनच आज तो जुनी गाणी बिनधास्त गातो आणि ते तिघं पण येऊन समोर बसतात.

तर विनंती एवढीच आहे की शुक्रवारी जिथे सिनेमाच्या वेळा देता तिथे चार ओळी अशा एकेकट्या गाणाऱ्या मुला-मुलींसाठी ठेवा, कोण, कुठे, किती वाजता, तिकीट किती. आणि एखादा वार्ताहर ऐकायला पाठवा, बातमी नाही केली तरी चालेल. माझ्या शेजारची एक खुर्ची मी त्याच्यासाठी धरून ठेवीन.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे