सांगाडे तयार, इंजिने कुठे?

ओझरमध्ये जुळवलेले पहिले तेजस एमके-१ए लढाऊ विमान १७ ऑक्टोबर २०२५ रोजी झेपावले, याचा अभिमान आहेच. पण सांगाडा उभा राहिला म्हणजे विमान हवाई दलाच्या हाती पडत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ विमानांचा करार झाला, त्याच वर्षी अमेरिकेकडे ९९ एफ-४०४ इंजिने मागवली. पहिले इंजिन आले मार्च २०२५ मध्ये! तिकडे बंद पडलेले उत्पादन पुन्हा सुरू करण्यातच वेळ गेला.

तेजससाठीचे आपले स्वदेशी कावेरी इंजिन १९८९ मध्ये मंजूर झाले, २००८ मध्ये तेजसपासून वेगळे केले गेले. ८१ किलोन्यूटन रेटा (विमान पुढे ढकलणारे बळ) हवा होता, तो मिळाला नाही, वजनही वाढले. खरी अडचण टर्बाइनच्या पात्यांची. तिथला वायू पात्याच्या धातूच्या वितळणबिंदूहून तप्त असतो. म्हणून पाते एकाच स्फटिकात ओतायचे, आत हवेच्या बारीक वाहिन्या ठेवायच्या, वर सिरॅमिकचा लेप द्यायचा. ओतताना दुसरा स्फटिक वाढला की पाते बाद. उंचीवरच्या चाचण्यांसाठी तर इंजिन रशियाला न्यावे लागले. मग एखादा दोष सुधारून पुन्हा तपासायचा, तर किती महिने जाणार?

मिग-२१ निवृत्त झाल्यावर मंजूर ४२ पैकी २९ स्क्वाड्रन (लढाऊ विमानांच्या तुकड्या) उरल्या. नव्या खरेदीच्या घोषणांबरोबरच उंचीवरील चाचणीकेंद्र आणि इंजिन तपासणारे स्वतःचे विमान यांसाठी सरकारने आधी तरतूद करावी.

— एक वाचक, नाशिक