कंसातला आकडा मुलांना शिकवू द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

मी नाशिक जिल्ह्यात, दिंडोरी तालुक्यातल्या एका शाळेत आठवीला इतिहास-भूगोल शिकवते. गेल्या वर्षी गोदावरीवरच्या प्रकल्पवह्या तपासायला घेतल्या, तर अकरा वह्यांमध्ये तेच परिच्छेद, त्याच क्रमाने. उतरवून काढणं जुनंच आहे. पण या मुलांनी विकिपीडियावरचा मजकूर घेताना वाक्यापुढचा कंसातला [२] हा आकडासुद्धा निळ्या पेनाने नीट उतरवला होता. एका मुलीने तर मथळ्यांपुढे ‘संपादन’ असंही लिहिलं होतं. वर्गात विचारलं, हा आकडा कशाचा? कुणालाच सांगता येईना. मुलांवर रागवावंसं वाटलं नाही. त्यांना हे आजवर कुणी सांगितलंच नव्हतं, मीही नाही.

पुढच्या तासाला वर्गातल्या टीव्हीवर तेच पान लावलं. आकड्यावर क्लिक केलं की खाली संदर्भांच्या यादीत कसं जाता येतं ते दाखवलं. मग ‘इतिहास पहा’ उघडलं. कुठल्या तारखेला कुणी काय घातलं, कुणी काय काढलं, सगळं ओळीने दिसत होतं. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, “मॅडम, म्हणजे हे पुस्तकवाल्यांनी नाही, माणसांनी लिहिलंय?” त्या दिवशी पाठ राहिला बाजूला.

मुलांनी मग आपल्या गावाचं पान शोधलं. हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे असे मथळे होते. त्यांखाली मजकूर जवळजवळ नव्हता. गावाबाहेरच्या जुन्या बारवेबद्दल लिहायचं ठरलं. खातं माझं, वाक्यं मुलांची. आधी ‘धूळपाटी’वर सराव केला. आपल्या पणजोबांच्या काळातला हा शब्द तिथे कच्च्या लिखाणाच्या जागेसाठी वापरतात, याचं मुलांना फार अप्रूप वाटलं. चार वाक्यं पानावर चढवली आणि दुसऱ्या दिवशी ती उडालेली होती. कारण दिलं होतं: संदर्भ नाही. मुलं हिरमुसली. “पण बारव आहे ना तिथे!” आहे, पण आपण सांगतो एवढ्यावर परक्याने विश्वास का ठेवावा, यावर सबंध तास वाद झाला. माझ्या नोकरीतला तो सर्वांत चांगला तास. पुढे १८८३ च्या नाशिक गॅझेटिअरची स्कॅन प्रत आम्ही शोधली. इंग्रजी मी वाचायचं, मराठी त्यांनी करायचं. गावाचा एका ओळीचा उल्लेख सापडला. संदर्भासह ती एक ओळ पानावर चढली आणि आजही टिकून आहे.

याच सुमारास तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्यांनी हे बंद करून अभ्यासक्रम पुरा करा, असं सांगितलं. पत्र लिहायचं कारण तेच.

साहेब, आपण याच जिल्ह्याचे. दर पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदेच्या पात्रातला दुतोंड्या मारुती बुडाल्याचे फोटो फिरू लागतात. त्यात २०१९ च्या पुराचे फोटोही आजचे म्हणून येतात. यंदा माझ्या मुलांनी घरच्यांना विचारलं, “हा कधीचा? कुणी काढला?” ही सवय त्यांना कंसातल्या आकड्याने लावली. सिंहस्थ तोंडावर आहे, गोदाकाठी लाखो माणसं येतील, तेव्हा अफवेपुढे असे विचारणारे घराघरांत असायला हवेत. आता तर मोबाईलला प्रश्न विचारला की उत्तर तयार मिळतं आणि ते कुठून आलं हे पुष्कळदा दिसतही नाही.

विकिपीडियावर कुणीही काहीही लिहितं, हा आक्षेप मी नेहमी ऐकते. खरा आहे, आणि म्हणूनच तो वर्गात शिकवायला हवा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली उभा राहिलेला मराठी विश्वकोश आज ऑनलाइन आहे. एकच नोंद दोन्हीकडे वाचायला लावा. तज्ज्ञाचं लेखन आणि सर्वांनी मिळून केलेलं लेखन यांतला फरक मुलं आपोआप सांगतात.

मागणं मोठं नाही. प्रकल्पाच्या गुणांतले काही गुण संदर्भासाठी राखून ठेवा; पानांची सजावट त्यापुढे गौण आहे. डाएटच्या, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या, शिक्षक प्रशिक्षणात एक दिवस यासाठी द्या, कारण मी हे चुकतमाकत शिकले आणि प्रत्येक शिक्षकाला तेवढी सवड नसते. सुरगाणा, पेठकडे रेंज नसलेल्या शाळांना किविक्ससारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून मराठी विकिपीडिया पेनड्राइव्हवर देता येईल. वाचायला इंटरनेट लागणार नाही. केरळने २००९ मध्ये स्कूलविकी सुरू केला, तिथे हजारो शाळा आपल्या गावाची माहिती स्वतः लिहितात. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे, म्हणजे आपल्याला तर पाटी आधीच मिळालेली आहे. फक्त मुलांची खरी नावं आणि फोटो कुठेही जाऊ नयेत, हा नियम परिपत्रकात ठळक लिहा.

शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. त्याआधी परिपत्रक निघालं, तर नव्या आठवीला पहिल्या आठवड्यापासून बसवता येईल. ‘लोकजीवन’ हा मथळा त्यांच्यासाठी रिकामा ठेवला आहे.

आपली,
दिंडोरी तालुक्यातील एक शिक्षिका