खांद्याला बकरम

नौपाडा, ठाणे

चि. अमेय,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू डॉक्टरांसारखा बोलायला लागतोस आणि मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितेय. कोपर टेबलावर टेकलं की लिहिण्यापुरता उजवा हात अजून चालतो.

खांद्याच्या ऑपरेशनला मी हो म्हटलंय. पॅचसकट.

आठ महिने फ्रोजन शोल्डर समजून भिंतीवर बोटं चढवत बसले, ते आता उगाळत नाही. पण फरक साधा होता रे. फ्रोजन शोल्डरमध्ये खांदाच आखडतो, दुसऱ्याने उचलला तरी हात वर जात नाही. माझा हात बाबांनी उचलला की थेट कानापर्यंत जायचा आणि त्यांनी सोडला की धपकन खाली. फडताळातला डबा काढताना ते दोनदा झालं, डाळ सगळी ओट्यावर. नव्या सर्जननी तेच करून पाहिलं आणि एमआरआय लिहून दिला. खांद्याच्या गोळ्याला चार स्नायूंच्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे पट्टे, धरून असतात. त्यातली वरची, सुप्रास्पायनेटसची, हाडावरून उसवून आत ओढली गेलीय, मागचीही थोडी.

दुर्बिणीतून हाडात बारीक अँकर बसवतात, त्यांनाच दोरे असतात, त्या दोऱ्यांनी कंडरा ओढून हाडावर शिवायची. मी विचारलं, कापड विरलेलं असेल तर टाका धरेल का? ते हसले. म्हणाले, बहुतेक वेळा दोरा तुटत नाही, गाठही सुटत नाही, टाकाच कंडरेतून चिरत बाहेर येतो. आता हे मला कुणी शिकवायचं! पस्तीस वर्षं ब्लाउज शिवतेय. जुन्या रेशमाला हूक लावताना खाली बकरमचा, त्या कडक कापडाचा, तुकडा घालते. त्याने कापड नवं होत नाही, पण सगळी ओढ एका टाक्यावर येत नाही. पॅच म्हणजे तेवढंच. फाटकी जागा झाकायचं ठिगळ नव्हे. कंडरा हाडावर बसवून झाली की तिच्यावरून अंथरायचा आणि कडेने शिवायचा.

आता तू पाठवलेले कागद. बाबांनी चष्मा लावून वाचून दाखवले. २००४ चा तो अभ्यास, मोठ्या फाटीच्या १८ पैकी १७ जणांचं शिवलेलं पुन्हा उसवलं. वाचून पोटात गोळा आला खरा. पण पुढचं पानही वाच, त्यातल्या बहुतेकांचं दुखणं कमी झालं होतं. २००६ च्या अभ्यासात डुकराच्या आतड्यापासून केलेला पॅच होता. तो लावलेल्या १५ पैकी फक्त ४ जणांची कंडरा जुळली, न लावलेल्या १५ पैकी ९ जणांची. म्हणजे पॅच लावला की झालं, असं नाही, हे तुझं बरोबर. पण मला सुचवलाय तो पॉलिप्रोपिलीन नावाच्या प्लास्टिकचा. इटलीतल्या डॉक्टरांनी २०१४ साली छापलंय, तो लावलेल्यांत १७ टक्के पुन्हा फाटले, नुसतं शिवलेल्यांत ४१ टक्के. कुणाला काय लावायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, म्हणून या आकड्यावर मी डोळे मिटून विसंबत नाही. सर्जनही म्हणाले, खात्री नाही देत.

आणि ‘शरीरात प्लास्टिक’ म्हणून तू जे घाबरवतोस, ते बाबांच्या पोटात आहेच की! हर्नियाची जाळी त्याच पॉलिप्रोपिलीनची. ते रोज तलावपाळीला तीन फेऱ्या मारतात. जंतू शिरले तर मात्र पॅच काढावा लागू शकतो, हे सर्जननी आधीच सांगितलं. म्हणून तीन महिन्यांची सरासरी शुगर आधी खाली आणायची, तोवर तारीख नाही. भात सोडलाय. स्नायूत चरबी फार उतरली असती तर पॅचचाही उपयोग नव्हता. माझ्या एमआरआयमध्ये ती थोडीच दिसली. आठ महिने आधीच घालवलेत, अजून थांबले तर वाढेल.

एक मागणं आहे. ऑपरेशनच्या दिवशी रजा घेऊन धावत येऊ नकोस. त्या दिवशी मी गुंगीत असणार, तू बाहेर खुर्चीवर बसून फोन बघशील. घरी आणल्यावर ये. सहा आठवडे हात उशी लावलेल्या झोळीत, झोपायचंसुद्धा पाठीला तक्के लावून अर्धं बसून. बाबांना वेणी घालता येत नाही. एकदा प्रयत्न केला, तो गुंता सोडवायला शेजारच्या वहिनींना बोलवावं लागलं. तू निदान अंबाडा तरी शिकून ये.

काम बंद करायला सांगतोस, ते केलंय. मशीनवर चादर टाकलीय. तळमजल्यावरच्या काकूंच्या मुलीचं लग्नाचं ब्लाउज तेवढं राहिलंय, हात शिलाई बाकी आहे, ती टेबलाशी बसून होते.

तुझी,
आई

ता. क. तुझे जुने फुल शर्ट टाकून देऊ नकोस, कुरिअर कर. हात वर न करता घालता यायला हवेत. उजवी बाही खांद्यापासून मनगटापर्यंत उसवून टिचबटणं लावून ठेवते. चारेक पुरतील. चौकड्यांचा नको, त्याच्या रेघा जुळवत बसावं लागतं.