घरमालकाचे दार आणि अनुच्छेद १७

इंदोरा, नागपूर
रविवार, रात्र

चि. सुजाता,
सप्रेम जय भीम.

परवा फोनवर मी "दुसरी खोली बघ, पुण्यात खोल्यांना काय तोटा" असे म्हणालो आणि तू काही न बोलता फोन ठेवलास. तेव्हापासून तुझी आई माझ्याशी कामापुरतेच बोलते. तू सध्या कुठे राहतेस हे या पत्रात विचारायचे नाही, असे मी ठरवले आहे, कारण ते विचारले की मी फिरून त्याच वाक्यावर येईन. म्हणून तू उपस्थित केलेल्या मुद्द्यापुरतेच लिहितो.

आडनाव ऐकून घरमालकाने दुसऱ्या दिवशी टोकनचे पैसे परत केले, हा मूलभूत हक्कांचा भंग आहे, मग थेट रिट, म्हणजे मूलभूत हक्कांसाठी वरच्या न्यायालयात अर्ज, का करू नये, असे तुझे म्हणणे. मी वकील नाही. एकतीस वर्षे न्यायालयाच्या नक्कल विभागात दुसऱ्यांचे निकाल उतरवले, त्यातले जे डोक्यात राहिले तेवढेच सांगतो. आपले बहुतेक मूलभूत हक्क राज्यसंस्थेला बांधतात, आणि राज्यसंस्था म्हणजे कोण हे संविधानाच्या अनुच्छेद १२ मध्ये सांगितले आहे. तुझा घरमालक त्यात येत नाही. परंतु काही अनुच्छेद मुद्दामच वेगळ्या शब्दांत लिहिलेले आहेत. अनुच्छेद १५ चा पहिला खंड राज्याला उद्देशून आहे, दुसरा नाही. दुकाने, उपाहारगृहे, सार्वजनिक विहिरी, तळी आणि रस्ते यांच्या बाबतीत तो सर्वांनाच बांधतो. अनुच्छेद १७ तर अस्पृश्यता कोणी पाळायची नाही हे सांगताना कोणाचेच नाव घेत नाही, म्हणजे कोणालाच सोडत नाही. एशियाडच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली सांगितले की १७, २३ (सक्तीची मजुरी) आणि २४ (बालमजुरी) हे अनुच्छेद खाजगी व्यक्तींविरुद्धही लागू होतात. हे व्हायलाच हवे होते. चवदार तळ्यावर १९२७ साली पाणी पिऊन परतणाऱ्यांना ज्यांनी मारले, ते काही सरकारी नोकर म्हणून काठ्या घेऊन आले नव्हते.

२९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या 'दुकान' शब्दावर प्रश्न आला, तेव्हा बाबासाहेबांनी त्याचा व्यापक अर्थ सांगितला: जिथे मागेल त्याला सेवा देण्यासाठी कोणी बसलेला आहे, ते दुकान. अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेदही त्याच दिवशी संमत झाला. बडोद्याच्या पारशी विश्रामगृहातून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी ज्याला बाहेर काढले आणि ज्याला सार्वजनिक बागेत बसून रडावे लागले, तो माणूस हे बोलत होता, ही गोष्ट उतारे लिहिताना माझ्या मनातून कधी गेली नाही. तू आज कुठे बसलेली असशील, हे मात्र मला त्यावेळी सुचले नव्हते.

बघ, आलोच तिथे. राग मानू नकोस.

सर्वोच्च न्यायालयाच्या कौशल किशोर निकालाचा तू दिलेला दाखला बरोबर आहे. ३ जानेवारी २०२३ रोजी पाचपैकी चार न्यायमूर्तींनी म्हटले की अनुच्छेद १९ (भाषण, संचार, वास्तव्य यांसारखी स्वातंत्र्ये) आणि २१ (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य) मधील हक्क राज्याखेरीज इतरांविरुद्धही बजावता येतात. न्या. नागरत्ना यांनी मात्र वेगळे मत दिले: दोन खाजगी व्यक्तींमधील तंट्याला सर्वसाधारण कायदा आहे, तिथे उपाय शोधावा. तुला बहुमत जवळचे वाटते, मलाही वाटते. पण भाड्याच्या खोलीपर्यंत ते कसे पोहोचवायचे याचे तयार उत्तर त्यात मला दिसत नाही. शिवाय २००५ साली याच सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका गृहनिर्माण संस्थेचा, सदस्यत्व एकाच समाजापुरते ठेवणारा नियम वैध ठरवला होता, हे विसरू नकोस.

म्हणून माझ्या मते रिटपेक्षा आधी नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ उघड. अनुच्छेद १७ ला दात त्याने दिले आहेत. त्याच्या कलम ४ मध्ये राहत्या जागेचा उल्लेख आहे, आणि कलम १२ प्रमाणे पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल तर कृत्य अस्पृश्यतेपोटीच झाले असे न्यायालयाने गृहीत धरायचे असते. उलट सिद्ध करणे समोरच्याचे काम. बौद्धांना १९९० पासून अनुसूचित जातींच्या यादीत स्थान आहे, तेव्हा जात प्रमाणपत्राची प्रत जवळ ठेव. एजंटचे मेसेज पुसू नकोस. मालक नेमके काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत, वेळेसह, आजच लिहून काढ. महिन्याभराने स्मरणशक्ती सभ्य होते.

पुन्हा व्याख्यान झाले. पण माझी अडचण कायद्यात नाही. सरकारविरुद्धचा दावा जिंकला तर सरकार रोज संध्याकाळी आपल्याला जिन्यात भेटत नाही. घरमालकाविरुद्ध जिंकलीस तर किल्ली त्याच्याच हातून घ्यायची, पाणी त्याच्याच टाकीचे, आणि रात्री उशिरा परतशील तेव्हा फाटक उघडणाराही तोच. मला तेवढेच दिसते, बाकीचे निकाल मग धूसर होतात.

एक गोष्ट मी तुला सांगितलेली नाही. १९८८ साली भिवापूरहून नोकरीला आलो तेव्हा नागपूरच्या महाल भागात खोली घेताना माझे आणि वडिलांचे नाव सांगितले, आडनाव सांगितलेच नाही. घरमालकीण मावशी भल्या होत्या, पोहे आणून द्यायच्या. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचे तर पांढरा सदरा पिशवीत घालून निघायचो आणि मोरभवनच्या बसस्थानकावर बदलायचो. परतताना पुन्हा चौकड्यांचा. असे दोन दसरे गेले. अनुच्छेद १७ तेव्हाही होताच, मला पाठ होता. तू दारात उभी राहून पूर्ण नाव सांगितलेस हे ऐकल्यावर मी आधी घाबरलो, आणि नंतर स्वयंपाकघरात जाऊन तुझ्या आईला तीनदा सांगितले. "दुसरी खोली बघ" हे वाक्य त्या पिशवीतून आलेले होते.

तक्रार करायची तर कर. एकटी पोलीस ठाण्यात जाऊ नकोस. मंगळवारी रात्रीच्या गाडीने मी येऊ शकतो, गुडघ्याचे काही नाही. दादाशी बोललो आहे, तो ओरडेल, त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस. निळी ट्रंक अजून माळ्यावरच आहे, खोली मिळेपर्यंत पाठवत नाही.

लिफाफ्यावर तुझ्या ऑफिसचा पत्ता घातला आहे, कारण दुसरा मला ठाऊक नाही. मैत्रिणीकडे असशील तर तिचे नाव आणि मजला कळव. आतून कडी आहे ना, एवढे आई विचारते आहे.

तुझे
बाबा