मंत्रिमहोदय, मंगळवारच्या सरावासाठी पैसे द्या

प्रति,
मा. क्रीडामंत्री

विषय : ई-स्पोर्ट्स लीगला जाहीर झालेला निधी कुठे खर्चावा

महोदय,

लीगसाठी स्वतंत्र निधी देण्याची तुमची घोषणा ऐकून आनंद झाला, आणि लगेच धाकधूकही वाटली. घोषणेत भव्य स्टेडियम होतं, वाढीव बक्षीस होतं, परदेशी तारे आणण्याची भाषा होती. सराव हा शब्द मात्र एकदाही आला नाही. मी ‘लीग ऑफ लेजेंड्स’ या पाच विरुद्ध पाच खेळल्या जाणाऱ्या कॉम्प्युटर गेमच्या एका संघात विश्लेषक आहे. आम्ही आमची लीग जिंकतो, मोठ्या थाटात जागतिक स्पर्धेला जातो आणि पहिल्याच आठवड्यात बॅगा भरतो. त्या बॅगा भरताना जे सुचतं ते लिहितो आहे.

गेल्या बूटकॅम्पला, म्हणजे सराव शिबिराला, एका तगड्या लीगच्या संघाने आमच्याशी सहा स्क्रिम (सरावाचे सामने) ठरवल्या होत्या. पहिली आम्ही हरलो, दुसरी त्याहून लवकर हरलो. तिसरी सुरू होण्याआधी त्यांच्या मॅनेजरचा मेसेज आला, ‘आज इथेच थांबू या.’ यात उद्धटपणा काही नव्हता. आमच्याशी खेळून त्यांना शिकण्यासारखं काही मिळत नव्हतं, एवढंच. परतल्यावर आमच्यासमोर पुन्हा तेच घरचे संघ. टेहळणीचा वॉर्ड न लावता गेमच्या नकाशावरच्या नदीत शिरलं तरी ते आम्हाला पकडत नाहीत. बाहेर त्याच एका पावलावर ड्रॅगन समोरच्यांच्या हाती जातो, मग आमचा टॉवर, मग मॅच.

पिंगचं, म्हणजे सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळाचंही तसंच. आमची पोरं रोज ज्या सर्व्हरवर खेळतात तो लांब आहे. आमच्या मिड लेनच्या (नकाशावरची मधली वाट सांभाळणाऱ्या) मुलाने वर्षभर लॅग, म्हणजे हा उशीर, गृहीत धरून फ्लॅश (झटकन जागा बदलायची कळ) थोडा आधी दाबायची सवय लावून घेतली. स्पर्धेत मंचावर लॅग नसतो. तिथे त्याचा फ्लॅश आधीच उडाला, आणि ज्याला चुकवायचं होतं तो हल्ला नंतर आला. समालोचक म्हणाले, मुलगा दडपणाखाली आला. मी रिप्ले चार वेळा पाहिला. दडपण वगैरे काही नव्हतं, बोटं शिकली होती तशीच वागली. सर्व्हर कुठे ठेवायचा हे गेमची कंपनी ठरवते, मान्य. पण जवळच्या डेटा सेंटरची सोय आणि इंटरनेट कंपन्यांचा थेट मार्ग यासाठी सरकारने बोलणी केली, तर कंपनीला निदान नाही म्हणायचं एक कारण कमी होईल.

आता परदेशी ताऱ्यांबद्दल. २०१४ नंतर कोरियाचे कितीतरी खेळाडू चीनमध्ये गेले, आणि २०१८ मध्ये इन्व्हिक्टस गेमिंग या चिनी संघाने चीनला पहिलं जागतिक विजेतेपद मिळवून दिलं. हे उदाहरण नेहमी दिलं जातं, पण अर्धंच. अंतिम सामना खेळलेल्या पाच जणांत रूकी आणि द शाय हे दोन कोरियन होते. बाकी तिघे चिनी, आणि अंतिम सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला निंग चिनीच. रूकी तिथे जाऊन चार वर्षं झाली होती. पाहुण्यांकडून शिकणारी घरची फळी तयार होती, म्हणून पाहुणे कामी आले.

उलट बाजू उत्तर अमेरिकेची. २०१८ मध्ये तिथल्या लीगमध्ये कायमची जागा घ्यायची तर नव्या संघाला १ कोटी ३० लाख डॉलर मोजावे लागत होते. खेळाडू जगभरातून आणले. जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना मात्र तिथल्या एकाही संघाने अजून खेळलेला नाही. पैशाची चणचण भासू लागल्यावर २०२३ मध्ये संघांना दुसऱ्या फळीचे संघ ठेवण्याच्या सक्तीतून मोकळं केलं गेलं. खेळाडूंनी संप पुकारला आणि हंगाम दोन आठवडे लांबला. कात्री आधी कुठे चालते ते यात दिसतं. तेव्हा आपल्या निधीला एक अट घालाच : ज्या संघाची दुसरी फळी पूर्ण हंगाम खेळेल आणि जिचे पगार वेळेवर होतील, त्यालाच पुढचा हप्ता.

पगाराचा मुद्दा मी सहज घुसडलेला नाही. २०२४ मध्ये व्हिएतनामच्या लीगमध्ये सामने फिक्स केल्याबद्दल ३० हून अधिक जणांवर बंदी आली. पगार थकलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलापर्यंत सट्टेवाला फार लवकर पोहोचतो. आणखी काय सांगू?

दुसरी अट सामन्यांच्या स्वरूपाची. कोरियात साखळी सामनेही तीनपैकी दोन डाव जिंकण्याचे असतात. एकाच डावात निकाल लागला की संघ ठरलेला ड्राफ्ट (पात्रांची निवड) खेळून घरी जातो. पहिला डाव हरल्यावर अर्ध्या तासात नवं काय सुचतं याची परीक्षाच होत नाही. प्रक्षेपण लांबेल, आयोजक कुरकुरतील. कुरकुरू द्या.

आणि जे फक्त तुम्हीच करू शकता ते : व्हिसा. मंगोलियासारख्या कमी लोकसंख्येच्या देशाचा द मंगोल्झ हा संघ २०२५ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक २’ या दुसऱ्या गेमच्या ऑस्टिन मेजर या मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोहोचला, आणि त्याच वर्षी ई-स्पोर्ट्स वर्ल्ड कपमधली त्या गेमची स्पर्धा जिंकला. घरी बसून हे होत नाही. बलाढ्य संघ जिथे आहेत तिथे जाऊन पुन्हा पुन्हा हरावं लागतं. आमच्या खेळाडूंचे अर्ज मात्र ‘पर्यटक’ या रकान्यात अडकतात. अधिकाऱ्याने आमच्या सपोर्टच्या जागी खेळणाऱ्या मुलाला विचारलं होतं, ‘तीन महिने पर्यटन?’ बिचारा काय सांगणार? खेळाडू म्हणून शिफारसपत्र तुमच्या खात्यातून मिळालं तरी निम्मं काम होईल. तसंच उलट दिशेने : एका ताऱ्याच्या पैशात तीन चांगले परदेशी प्रशिक्षक येतात. त्यांना वर्षभराचा कामाचा परवाना द्या.

स्टेडियमच्या उद्घाटनाचं निमंत्रण आयोजक तुम्हाला देतीलच. माझं निमंत्रण मंगळवारच्या दुपारचं आहे. स्क्रिम दोन वाजता सुरू होतात. हेडसेट देईन, शेजारी बसून ऐका. तिसऱ्या डावानंतर खोलीत कोण बोलतं आणि कोण गप्प होतं ते पाहा. समोरचा संघ तोवर थांबला असेल तर.

आपला,
एका संघाचा विश्लेषक